नाव मुरबाडचं, पत्ता कल्याणचा

हे लिहायचं मी बरेच महिने टाळलं. इथे लोकांचे अनुभव वाचताना मी मनातल्या मनात कारणं शोधत असते – वायरिंग, वारा, अर्धवट झोप, कुणाची तरी मस्करी. माझं कामच तसं आहे. मी नेटवर्क सपोर्टमध्ये आहे. एखादी गोष्ट बंद पडली की ती का पडली ते शोधायचं, आणि कारण सापडतंच. सैल प्लग, चुकलेला पासवर्ड, कुणीतरी न सांगता बदललेली सेटिंग. देवाला हात जोडते, पण संकेत-बिंकेत असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही... पण माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत जे झालं त्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. नावं बदलली आहेत, बाकी सगळं जसं घडलं तसं.

आम्ही शहापूरला राहतो. आठवड्यातून दोन दिवस मी आसनगावहून गाडी पकडून ऑफिसला जाते, बाकी काम घरून. माझी मोठी बहीण ज्योतीताई मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढच्या एका गावात दिलेली. शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत गेलं की दीडेक तासात तिच्या अंगणात. घरामागे भाताची खाचरं आणि विहीर, बाजूला कोंबड्यांची लांबलचक शेड. भाऊजी कोंबडीखाद्याच्या विक्रीचं काम करतात, म्हणून आठवड्यातले बरेच दिवस नाशिक-नगरकडे फिरतीवर. शेड ताईच सांभाळायची. मुलगी श्रुती तेव्हा नाशिकला शिकत होती.

भाऊजींबद्दल एक सांगायला हवं. चारचौघांत माणूस अगदी चांगला. आमचे वडील आजारी होते तेव्हा अपरात्री गाडी काढून धावले होते. माझ्या लग्नात मांडवापासून जेवणावळीपर्यंत सगळं त्यांनी बघितलं. त्यामुळे त्यांनी काही सांगितलं की मी नाही म्हणत नसे.

दोन वर्षांपूर्वी शेडमधून पक्षी, म्हणजे कोंबड्या, चोरीला जातात म्हणून त्यांनी कॅमेरे बसवले. मग एक अंगणात लावला. मग मागच्या दारी, विहिरीकडे बिबट्या फिरतो म्हणून अजून एक. फिरतीवर असताना हे सगळं मोबाईलवर दिसायला हवं होतं. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर जुना होता, आणि तो थेट इंटरनेटवर उघडा टाकणं धोक्याचं. म्हणून आमच्या ऑफिसने मोडीत काढलेला एक छोटा फायरवॉल – इंटरनेटवरून परक्याला घरात शिरू न देणारं मशीन – मी तिकडे नेऊन बसवला.

आता थोडं तांत्रिक, पण सोपं आहे. डोळखांबकडच्या पाड्यांवरची माणसं भात कापून झालं की वीटभट्ट्यांवर कामाला जातात. दरवर्षी भट्टी वेगळी. पोचले की पाड्यावरच्या एखाद्या फोनवाल्याला कळवतात – आमी आता इथं हाव. मग त्यांना शोधायचं असेल तर त्या फोनवाल्याला विचारायचं. डायनॅमिक डीएनएस म्हणजे तेच. गावातल्या इंटरनेटचा पत्ता लाईट गेली-आली की बदलतो. बदलला की फायरवॉल एका वेबसाईटला गुप्त कोड देऊन कळवतो, ‘मी आता इथे आहे’. भाऊजींच्या मोबाईलमध्ये फक्त एक नाव टाकलेलं. ते नाव वेबसाईटला विचारतं आणि घरापर्यंत पोचतं.

वर्षभर हे बिनतक्रार चाललं.

मग एका सकाळी भाऊजींचा फोन आला. कॅमेरे दिसत नव्हते. मी बघितलं तर नाव दुसऱ्याच पत्त्याकडे चाललं होतं. ताईला फोन करून फायरवॉलचा खरा पत्ता काढला, तो वेगळा. नाव जिथे जात होतं तो पत्ता दुसऱ्या इंटरनेट कंपनीचा निघाला, शहर कल्याण. फायरवॉलच्या नोंदीत सगळं ठीक – मी बरोबर पत्ता कळवला, समोरून होकार आला. पण वेबसाईटच्या नोंदीत त्यानंतर आणखी एक निरोप होता. योग्य गुप्त कोड देऊन, कल्याणहून.

मला वाटलं, कोड कुणाच्या तरी हाती लागला. कोड बदलला. काम झालं. भाऊजी म्हणाले, शाब्बास.

काही दिवसांनी पुन्हा तेच. नाव पुन्हा कल्याणच्या त्याच पत्त्यावर. नवा कोड माझ्याशिवाय कुणाकडेच नव्हता. या वेळी मी पासवर्ड, कोड, सगळं बदललं. ताईला फोनवर सांगत सांगत फायरवॉल पुसून नव्याने मांडला. त्या दिवशी ताई मला म्हणाली होती, “असू दे ना गो. कशाला एवढी घाई करतीस?” मला वाटलं तिला त्या वायरींचा कंटाळा आलाय. मी म्हटलं, दहा मिनिटांत होतंय. आणि झालंही.

तिसऱ्यांदा झालं तेव्हा भाऊजींचा आवाज बदलला होता. सकाळपासून त्यांचे इतके फोन आले की मी मीटिंगमधून उठून बाहेर आले. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, “अर्चना, मला घर दिसत नाय. मला घर दिसलं पायजे.”

नाव परत जागेवर आणलं. मग कल्याणच्या पत्त्याचा फोटो पाठवून ऑफिसमधल्या समीरला विचारलं. तो माझ्यापेक्षा हुशार आहे यात. त्याचं म्हणणं, जुन्या ऑफिसच्या वस्तू आहेत, याच फायरवॉलच्या सेटिंगची कॉपी दुसऱ्या कुठल्या तरी मशीनवर चढलेली असेल, आणि तेही तेच नाव कळवत असेल. पटण्यासारखं होतं. पण बदललेला कोड त्या दुसऱ्या मशीनकडे कसा जाणार, असं मी विचारलं. तो म्हणाला, मशीन घरी आणा, नीट तपासू.

म्हणून एका शनिवारी मी गेले आणि फायरवॉल काढून आणला. भाऊजी फिरतीवर होते. ताईने मला वाटेसाठी तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या. फायरवॉल मी गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला तेव्हा ती त्याच्याकडे बघत होती. म्हणाली, निवांत कर, घाई नाय.

घरी मी तो जोडलाच नाही. त्या आठवड्यात ऑफिसचं काम फार होतं. कपाटात गोधड्यांच्या खणात तो तसाच पडून होता – वायर नाही, वीज नाही.

आणि मंगळवारी दुपारी जेवण झाल्यावर सहज वेबसाईट उघडली तर नाव पुन्हा कल्याणला गेलेलं. निरोप त्याच सकाळचा.

खरं सांगते, मला आधी बरंच वाटलं. म्हणजे आपलं मशीन निर्दोष आहे, दुसरं कुणीतरी आहे. मी तो कल्याणचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून बघितला. आधीच्या वेळी तिथून काहीच उत्तर आलं नव्हतं. या वेळी पान उघडलं.

ते माझंच पान होतं. लॉगिनच्या वर मी गंमत म्हणून एक ओळ लिहिली होती, ‘ताईचं घर, चपला बाहेर काढा’. तीच ओळ. माझा पासवर्ड चालला. आत मशीनचा सिरीयल नंबर होता. मी उठले, गोधड्या बाजूला केल्या, फायरवॉल उलटा करून त्याच्या पोटावरचं स्टिकर वाचलं. एक एक आकडा जुळला. मशीन माझ्या हातात होतं, थंडगार. आणि स्क्रीनवर ते चालू होतं, कल्याणमध्ये.

अशा मशीनमध्ये, घरातलं काय काय त्याला जोडलंय त्याची यादी दिसते. यादीत दोनच नावं होती. एक ज्योतीताईचा फोन – ते नाव मीच तिच्या फोनला दिलं होतं. दुसरा ‘श्रुती-लॅपटॉप’.

मी लगेच ताईला फोन लावला. ती शेडमध्येच होती, मागे पक्ष्यांचा कलकलाट ऐकू येत होता. फोन तिच्या हातात. श्रुतीला लावला. ती नाशिकला, कॉलेजच्या आवारात. लॅपटॉप कसा आहे विचारलं तर हसली – माझ्याकडे कुठे आहे, मावशी? नोकरी लागल्यावर घेईन.

परत स्क्रीनकडे वळले तर पान गेलेलं. नंतर ते कधीच उघडलं नाही. पण तेवढ्यात मी जे बघायचं ते बघितलं होतं. श्रुती आणि ताई एका घरात, मुरबाडच्या नाही. आणि भाऊजींचा फोन त्या घरात नाही.

तुम्हाला काय वाटलं असतं? मला तेच वाटलं. रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, मशीनच्या बिघाडावरून माणसाचं मरण कुठे ठरवतेस. बरोबर होतं त्याचं. पण रोज गाडीवर एवढी फिरती करणारा माणूस... मी दुसऱ्या दिवशी भाऊजींना फोन करून उगाच तब्येतीची चौकशी केली. डॉक्टरकडून एकदा सगळं तपासून घ्या म्हटलं. ते म्हणाले, मला काय धाड भरली आहे. कॅमेऱ्याचं बघ.

शेवटी मी रजा टाकून ताईकडे गेले. सांगायचं की नाही हे सरळगाव येईपर्यंत ठरलं नव्हतं.

ताई मागच्या पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मीही बसले आणि हाताला चाळा म्हणून सोलायला लागले. इकडचं तिकडचं झालं. मग मी सगळं सांगून टाकलं. नाव, कल्याण, पान, सिरीयल नंबर, यादी. भाऊजींचं मात्र अडखळत सांगितलं. म्हटलं, घाबरू नको, याला काही अर्थ असेलच असं नाही.

ताई सोलायची थांबली नाही.

“यांचा फोन नव्हता त्यात?”

“नाही.”

तिने आणखी एक शेंग सोलली. मग तिने विचारलं, “आन् कॅमेरे? कॅमेरे किती दिसले?”

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग लक्षात आलं, कॅमेरे असते तर त्याच यादीत दिसले असते. इथल्या घरचे सगळे तसेच दिसायचे.

“एकही नाही,” मी म्हटलं.

ताईने सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं ती रडणार. ती रडली नाही. पदराला हात पुसत म्हणाली, “मंग ते घर माझंच हाय गो.”

आणि मग ती बोलायला लागली. एवढ्या वर्षांत माझी बहीण माझ्याशी इतकं कधी बोलली नव्हती. चोरी एकदाच झाली होती, तीही कॅमेऱ्यांच्या आधी. बिबट्या कुणी बघितलेलाच नाही. भाऊजी जिथे असतील तिथून तिला बघत. विहिरीवर एवढा वेळ कुणाशी बोलत होतीस. दुपारचं दार का लावलंस. सकाळी हिरवी साडी होती, आता ही कशी. ती कॅमेऱ्यासमोरून जरा जास्त वेळ हलली की फोन वाजायचा. अंगणातल्या कॅमेऱ्यात बोलायचीही सोय होती. ती भांडी घासत असताना भिंतीतून त्यांचा आवाज यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा तिच्या हातातलं पातेलं पडलं होतं. हात कधी उचलला नाही त्यांनी, असं तिने मला दोनदा सांगितलं. जणू मी तेच विचारणार होते.

“तुझं ते नाव बिघडायचं ना,” ती म्हणाली, “तवा मी हितं पडवीत दुपारची निजायची. चांगली झोप लागायची.”

तीन वेळा तिची झोप कुणी मोडली ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मी म्हटलं, आत्ता चल माझ्याबरोबर शहापूरला. ती म्हणाली, पहिलं तिथंच येतील ते. आणि शेडमध्ये पक्षी होते. त्यांना उपाशी टाकून ती निघणार नव्हती. श्रुतीचं शेवटचं वर्ष संपत आलं होतं. ताईने आधी तिला सगळं सांगितलं. मी मधल्या काळात भाऊजींना सांगत राहिले की मशीनचा एक भाग मिळत नाही. खोटं बोलायची मला सवय नाही. ते म्हणाले, मग मी दुसरा माणूस बघतो.

श्रुतीला नोकरी लागली ती कल्याणमध्येच. तिने अर्ज तीन-चार शहरांत केले होते, आणि मी तिला कल्याणबद्दल काही बोलले नव्हते. ताईलाही बोलू नको म्हटलं होतं. भाऊजींना श्रुतीने नोकरी नाशिकलाच लागल्याचं सांगितलं. तिने एक खोली-स्वयंपाकघर भाड्याने घेतलं. शेडमधल्या पक्ष्यांचा तो लॉट विकला गेला, शेड झाडून झाली, आणि भाऊजी नगरला असताना एका सकाळी ताई सरळगावच्या नाक्यावर एक पिशवी घेऊन माझ्या गाडीत बसली. कल्याण येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. एकदाच म्हणाली, शेडच्या पंख्याचं बटण बंद केलंय ना मी... मग स्वतःच म्हणाली, केलंय.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले. नवं इंटरनेट आलं होतं, श्रुतीने वायफायचा पासवर्ड बदलून मागितला. मी नेटवाल्याने बसवलेल्या साध्या राऊटरचं पान उघडलं. बाहेरचा पत्ता वर लिहिलेला असतो.

तोच होता.

मी समीरला पाठवलेला जुना फोटो मोबाईलवर काढून आकडा आकडा ताडून बघितला. तोच पत्ता. खाली जोडलेल्यांची यादी. ज्योतीताईचा फोन. श्रुती-लॅपटॉप – ऑफिसने दिलेला, तिने ते नाव आदल्याच दिवशी ठेवलं होतं. मी यादी पुन्हा वरपासून वाचली. श्रुती पाणी घेऊन आली, काय झालं विचारत होती.

आणि फायरवॉल? तो शहापूरला, माझ्या कपाटात, गोधड्यांच्या खणात. तो कल्याणला कधी गेलाच नाही. आजही इथेच आहे.

समीरकडे प्रत्येक गोष्टीला काही ना काही उत्तर आहे. नाव गेलं – कोड फुटला असेल. सिरीयल नंबर – कॉपीत तोही येत असेल. पत्ता जुळला – योगायोग, कंपनीकडे त्या भागासाठी पत्ते असतात तरी किती. पण ही सगळी उत्तरं एकाच वेळी खरी कशी ठरतील, असं विचारलं की तो म्हणतो, मॅडम, मला नका विचारू.

भाऊजी महिन्याभराने माझ्याकडे आले. दाढी वाढलेली. मी चहा केला, तो त्यांनी घेतला. आवाज चढवला नाही. म्हणाले, तुम्ही बहिणी-बहिणींनी मिळून माझं घर मोडलंत. त्या क्षणी मला त्यांची कीव आली, हेही लिहून ठेवते. मग उठता उठता म्हणाले, “कल्याणला आहे ती. मला माहितीय.”

मी विचारलं, कुणी सांगितलं?

त्यांनी मोबाईल वर केला. म्हणाले, तू दुरुस्त करीनास म्हणून दुसऱ्या नेटवाल्याला दाखवलं होतं. तो म्हणाला, तुमचं हे नाव कल्याणला जातंय.

ते गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि पहिलं ते नाव वेबसाईटवरून कायमचं काढून टाकलं. श्रुतीला फोन करून राऊटर बंद-चालू करायला लावला, तोवर थांबले, पत्ता बदलला तेव्हा फोन ठेवला. अशा पत्त्यावरून शहर कळतं, गल्ली कळत नाही. हे मला माहीत आहे. तरीही.

मला इथेच जास्त त्रास होतो. जे काही होतं त्याने ताईला वाट दाखवली असं श्रुती म्हणते. पण तेच नाव भाऊजींच्या खिशातही होतं, आणि तेही तीच वाट दाखवत होतं. चांगलं म्हणू की वाईट, मला ठरवता येत नाही. ताईला विचारलं तर म्हणाली, कुणी का असंना, माझी कायबी तक्रार नाय. तिला शोध नकोय. मला हवाय. यातलं कुणी जाणकार असेल आणि असं काही ऐकलं असेल तर जरूर लिहा.

भाऊजी अजून तिकडे गेलेले नाहीत. परवा मी ताईकडे होते. दुपारची वेळ, ती नुकतीच झोपून उठली होती. दारावरची बेल वाजली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. पुन्हा वाजली. ताई उठली, तिनेच दार उघडलं. खालच्या मजल्यावरच्या बाई होत्या, वाटी घेऊन विरजण मागायला आलेल्या. ताईने विरजण दिलं, दोन मिनिटं त्यांच्याशी बोलली, आणि दार उघडंच ठेवून आत आली.